पटवायचा तास

माझी आई भित्री होती. आपल्या आईबद्दल असं काही लिहायचं तर लोक आधी चार चांगल्या गोष्टी सांगतात आणि मग हे हळूच सरकवतात. मी तसं करणार नाही, कारण आमचं घर तिच्या भीतीवरच चालत असे. कुकर लावला की ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर उभी राहून शिट्ट्या मोजायची, आत पाऊल टाकायची नाही. लिफ्टने कधी गेली नाही. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायची, गॅसचं बटण बंद आहे ना ते बघायला, आणि ते बंद दिसलं तरी बोटांचा वास घेऊन खात्री करायची. अवेळी फोन वाजला की ती आधी मला शोधायची. मी समोरच बसून अभ्यास करत असले तरीही.

बाबा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचे. स्वभावाने एकदम थंड. ते म्हणायचे, "तुझ्या आईला घाबरायला कारण लागत नाही, फक्त फुरसत लागते." मला तेव्हा हे फार विनोदी वाटायचं. आता मीही घराबाहेर पडून दोनदा मागे फिरते, तेव्हापासून वाटत नाही.

तिच्या भीतीची एक खूण मला लहानपणापासून माहीत होती. लोक घाबरले की ओरडतात. आई खरी घाबरली की तिचा आवाज बारीक व्हायचा आणि वाक्य मध्येच सुटून जायचं.

अशा माणसाला काहीही विकता येतं. एका दुपारी दारावर एक विक्रेता आला. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकत होता. त्याने आमच्या नळाचं पाणी एका ग्लासात घेतलं, स्वतःच्या बाटलीतलं दुसऱ्यात, आणि दोन्हींत सळ्या असलेलं काहीतरी बुडवून विजेला जोडलं. बघता बघता आमचा ग्लास तपकिरी झाला, वर घाणेरडा फेस आला. त्याचं पाणी होतं तसंच. "ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे तुमच्या मुलीच्या पोटात रोज जातंय." मग त्याने शंभरातले किती आजार पाण्यातून होतात ते सांगितलं. आई सरळ कपाटाकडे गेली, पैसे काढायला.

संध्याकाळी बाबांनी यंत्राकडे बघितलं आणि हसले. "अगं, सळ्या लोखंडाच्या. गंज सळ्यांचा, नाव आपल्या पाण्याचं. त्याच्या पाण्यातले क्षार काढलेले, त्यातून वीज नीट जात नाही, म्हणून ते स्वच्छ राहिलं."

मला वाटलं आई चिडेल. ती माझ्याशी बोलल्यासारखं स्वतःशीच बोलली. "त्याने मला तीन ठिकाणी धरलं बघ. आधी कोट घातला, म्हणजे मी ऐकावं. मग तुझं पोट मध्ये आणलं, म्हणजे मी घाबरावं. मग आकडे टाकले, म्हणजे मला वाटावं की मी विचार करून घेतेय." थोड्या वेळाने म्हणाली, "मुलांना कुणी हे शिकवत नाही."

आई सातवीला भाषा शिकवायची. आणि मी सातवीत होते, तिच्याच वर्गात. शाळेत तिला बाई म्हणायचं, आणि तिने मला नावाने हाक मारायची नाही, असा आमचा करार होता. ती मला "तिसऱ्या बाकावरची" म्हणायची. घरातलं माझं नाव चिंगी. ते शाळेत फुटलं तर मी शाळा सोडून देईन, अशी धमकी मी दिली होती आणि तिने ती मनावर घेतली होती. धमक्यांवर तिचा फार विश्वास.

वर्गात शिरली की ती वेगळीच बाई व्हायची. घरी कुकरला दचकणारी ही बाई तिथे टेबलावर बसायची, नकला करायची, मोठ्या आवाजात रडून दाखवायची. शुक्रवारी शेवटच्या तासाला तिने नवीन खेळ सुरू केला. त्याचं नाव तिने ठेवलं "पटवायचा तास". मुख्याध्यापकांनी नाव ऐकून भुवया उंचावल्या, मागच्या बाकांवर खुसखुस झाली, पण नाव टिकलं.

आधी तिने आम्हाला तीन गळ दाखवले. मासे पकडायचे असतात तसे. ऐकणारा सांगणाऱ्याकडे बघून ऐकतो, तो भरवशाचा गळ. कोट, ओळखपत्र, "मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत", सगळं त्यात. मन हलवून ऐकायला लावलं तर मनाचा गळ, मग ती भीती असो, दया असो की नुसती हौस. आणि पुरावा, आकडे, "असं केलं तर तसं होईल" हा कारणाचा गळ. आम्हाला तिने मुख्याध्यापकांकडे खेळाचा एक तास जास्त मागायला लावला, तिन्ही गळ वापरून. वर्गातल्या वकिलाने (सगळे त्याला वकीलच म्हणत, शाळेची घंटा वाजली तर ती बरोबर वाजली का यावरही तो वाद घालायचा) असं भाषण केलं की मुख्याध्यापक हो म्हणता म्हणता सावरले.

मग खरा खेळ. आई दर शुक्रवारी वर्गात येऊन चेहरा सरळ ठेवून काहीतरी खोटं पटवायची. आम्ही जागेवरून हलायचं नाही. गळ ओळखायचा, नाव सांगायचं. एक जरी मूल फसून उठलं तरी सगळा वर्ग हरला आणि शुद्धलेखन. कुणी हललं नाही तर उरलेला वेळ मैदानावर. पहिल्या शुक्रवारी तिने कपाटामागे साप आहे म्हणून सांगितलं आणि अर्धा वर्ग बाकांवर चढला. नंतर आम्ही तयार झालो. शाळा लवकर सुटली म्हणाली, ते खोटं. शिपाईकाकांना साक्षीला आणलं, त्यांच्या मिशा हलल्या, तेही खोटं. शेवटी तिने मलाच हाताशी धरलं. आमची बदली झाली, आम्ही गाव सोडून चाललो, असं सांगताना मी इतकी छान रडले की माझ्या बाकावरची घुमी माझा हात धरून रडायला लागली. घुमी म्हणजे कमी बोलणारी, सारखी सर्दी असलेली, माझी एकुलती एक मैत्रीण. तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. त्यानंतर वर्गात माझ्या शब्दाला काही किंमत उरली नाही, पण आम्ही एकही शुक्रवार हरलो नाही.

आई घरी येऊन आनंदाने बाबांना सांगायची, "आता यांना कुणी शेंडी लावू शकणार नाही." बाबा चष्मा पुसत म्हणायचे, "तूसुद्धा नाही." तेव्हा ते दोघंही हसले होते.

आमचा वर्ग शाळेच्या मुख्य इमारतीत नव्हता. मैदानाच्या पलीकडे, सुतारकामाच्या खोलीवर, एकच वर्ग. त्याच्या मागच्या भिंतीला लागून बर्फाचा कारखाना. खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग मारला होता, कारण मुलं सगळा वेळ बर्फाच्या लाद्या घसरताना बघत बसायची. एक दार, एक जिना.

त्या शुक्रवारी वीज गेलेली होती, म्हणून घंटाही वाजली नव्हती. तास सुरू व्हायची वेळ झाली तशी आम्ही आपापल्या जागी ताठ बसून राहिलो, हसू दाबत. आई आज काय आणणार याची पैजही लागली होती.

आई दारात आली. हातात पुस्तक नाही, खडू नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "सगळे उठा. दप्तरं राहू देत. कारखान्यात नळी… वायू सुटलाय, अमोनिया. खाली चला."

वर्ग खुशीत आला. वकिलाने बसल्या बसल्याच हात वर केला. "मनाचा गळ, बाई. भीती."

"अरे, खेळ नाहीये हा."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात," दुसरं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मी हसले नाही. मला तिचा आवाज ऐकू येत होता. तो बारीक झाला होता. मी इतके दिवस तिच्या भीतीला हसत आले होते, कारण ज्याला ती घाबरायची ते कधी झालंच नव्हतं. आता मला एवढंच कळत होतं की ती घाबरलीय आणि या वेळी कारण आहे.

"शिपाईकाका गेटवरून ओरडत आले," आई म्हणाली. "ते त्या बाजूच्या मुलांना बाहेर काढतायत. मी स्वतः…"

"भरवशाचा गळ. काकांच्या मिशा हलल्या का, बाई?"

"मी तुमच्याशी कधी खोटं…" ती थांबली. ते वाक्य तिला पुरं करता येईना. आमच्याशी ती दर शुक्रवारी खोटं बोलली होती.

मग तिने घाईघाईने कारणं सांगितली. वारा इकडचा आहे. वायू आधी डोळ्यांत जातो, मग छातीत. जिना एकच आहे, तो भरला तर उतरता येणार नाही. ती एकेक गोष्ट सांगत होती आणि वर्ग सुरात म्हणत होता, "कारणाचा गळ." इतका छान सराव झाला होता आमचा. तिने जे जे शिकवलं ते सगळं आम्हाला बिनचूक येत होतं.

मी उठले. "खरं आहे," मी म्हणाले. "आई खरंच घाबरलीय."

"हिला परत नाटकात घेतलंय," वकील म्हणाला. माझ्या बाकाच्या कडेला बसलेल्या घुमीने माझा फ्रॉक धरून मला खाली ओढलं. "बस ना," ती कुजबुजली. "तुझ्यामुळे हरू आपण." मी बसले. मला आजही कळत नाही की मी का बसले. सगळा वर्ग बसलेला असताना एकटीने उभं राहायलाही भीतीच वाटते, आणि ती भीती जवळची होती.

तेवढ्यात वास आला. फार नाही, नाकात टोचेल इतपत. मला वाटलं, आता तरी. पण वकिलाने नाक वर करून हुंगलं आणि कौतुकाने मान हलवली. "मुतारी धुतलीय वाटतं. बाई, आज तयारी जोरदार आहे." आणि पुन्हा हशा.

आई दारातून आत आली. मला वाटलं ती टेबलाशी जाईल, आणखी काही सांगेल. ती सरळ बाकांमधून माझ्यापर्यंत आली. कडेला घुमी होती. आईचा हात घुमीच्या डोक्यावरून पलीकडे आला आणि त्याने माझं मनगट धरलं.

"चिंगे, चल."

तिने मला बाकावरून अक्षरशः उपसून काढलं. माझा गुडघा लाकडावर आपटला, घुमी बाजूला ढकलली गेली, एक चप्पल बाकाखाली राहिली. आई मला ओढत दाराबाहेर घेऊन गेली आणि जिना उतरायला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. मी "आई, बाकीचे, आई, घुमी" म्हणत होते. तिला ऐकू येत नव्हतं किंवा येत असेल. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती आणि मला तिची भीती वाटायला लागली. वायूची नाही, तिची. माझ्या आईच्या चेहऱ्यात मला त्या क्षणी ओळखीचं कुणीच दिसत नव्हतं.

जिन्याच्या वळणावर आलो तेव्हा वर बाक सरकल्याचे आवाज आले. आधी एक, मग सगळे एकदम. वकिलाचा आवाज फाटला होता. "पळा, खरं आहे, पळा."

मुलं आमच्या अंगावर कोसळत आली. आई भिंतीला चिकटली, आणि तेव्हा कुठे ती जागी झाल्यासारखी झाली. तिने माझं मनगट सोडलं. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून ती एकेकाला खेचून मैदानाकडे ढकलू लागली. "तोंडावर कापड धरा, पळा, पुढच्या रस्त्याला, थांबू नका." आता तिचा आवाज मोठा होता. कारखान्याच्या भिंतीवरून पांढरं धुकं उतरत होतं आणि भिंतीवर चढून तिथली माणसं तोंडाला फडकी बांधून आमच्या मैदानात उड्या टाकत होती. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. शेवटी घुमी आली. तिला श्वास घेता येत नव्हता. आईने तिला उचललं आणि आम्ही जीव खाऊन पळालो.

सगळे वाचले. काही जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, घुमीला सगळ्यात जास्त दिवस. पण सगळे घरी आले.

पुढच्या आठवड्यात शाळा भरली तेव्हा आई एकदम मोठी झाली होती. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "काय प्रसंगावधान. मुलं ऐकत नाहीत म्हटल्यावर स्वतःच्या मुलीला ओढून नेलं, म्हणजे मागोमाग सगळी उठणार. ही पटवण्याची कला." पालक भेटायला आले, हात जोडून गेले. मुलांमध्ये तर ती गोष्ट रंगवून रंगवून सांगितली जात होती. बाईंनी तिन्ही गळ टाकून पाहिले, आम्ही एकालाही लागलो नाही, मग बाईंनी असा काही गळ काढला की ज्याचं नाव ते.

आई घरी जेवत नव्हती. कुकर लावायचा ती विसरायची, आणि लावला तर शिट्ट्या मोजायची नाही. ते मला जास्त भयंकर वाटायचं. एकदा बाबा म्हणाले, "लोक चांगलं म्हणतायत, म्हणू दे ना. मुलं वाचली की नाही?"

"वाचली," आई म्हणाली. "मी वाचवली नाहीत."

"मग कुणी?"

"त्यांनी बघितलं की मी त्यांना टाकून चालले. ते बघून ती उठली." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागे वळायचं माझ्या डोक्यातच नव्हतं."

मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला ते आधीपासून माहीत होतं, माझ्या मनगटाला माहीत होतं. आणि मला शुक्रवारची भीती वाटायला लागली, कारण वर्गात कुणी ना कुणी विचारणारच होतं आणि आईला आता खोटं बोलता येईल असं मला वाटत नव्हतं. तिने खोटं बोलावं अशी माझी फार इच्छा होती. सगळे तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते, तर बसावं तिथे, काय बिघडतं? मला त्या वर्गात अजून वर्षभर बसायचं होतं.

शुक्रवारी वर्ग मुख्य इमारतीत भरला. घुमी त्याच दिवशी पहिल्यांदा शाळेत आली होती. माझ्या शेजारी बसली, जुन्या जागेसारखीच कडेला. खोकताना तोंडावर रुमाल धरत होती.

आई आली. तिने खेळ सुरू केला नाही. खुर्चीत बसलीही नाही. "आधी माझी एक चूक सांगायची आहे," ती म्हणाली. "गळ कसा ओळखायचा ते मी शिकवलं. पण गळ दिसला म्हणजे गोष्ट खोटी, असं नसतं. खरं सांगणाऱ्यालाही तेच तीन लागतात, दुसरे असतच नाहीत. त्या दिवशी मी भीती घातली, ती खरी होती. काकांचं नाव घेतलं, तेही खरं होतं. कारणं दिली, ती बरोबर होती. नाव ओळखून थांबायचं नसतं, पुढे जाऊन तपासायचं असतं. हे मी तुम्हाला शिकवलं नाही. मला दर शुक्रवारी तुम्ही जिंकलेलं बघायला आवडत होतं."

मग वकिलाने हात वर केला. "पण बाई, शेवटचा गळ कुठला होता? आमच्यात भांडण चाललंय. मी म्हणतो मनाचा. काही जण म्हणतात भरवशाचा, कारण बाई स्वतःच्या मुलीच्या बाबतीत नाटक करणार नाहीत. तो सगळ्यात भारी होता."

मी मनातल्या मनात तिला विनवत होते. मनाचा म्हण. भरवशाचा म्हण. काहीही म्हण.

"तो गळ नव्हता," आई म्हणाली.

वकील हसला, कारण त्याला वाटलं हाही खेळाचाच भाग आहे. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू गेलं.

"मला तुम्हाला काही पटवायचं नव्हतं," ती म्हणाली. "मी घाबरले होते. मला तेवढी एकच दिसत होती. तिला घेऊन मी निघाले होते."

मुलं आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला बाकाखाली जाऊन बसावंसं वाटलं. वकील उभा राहिला. नेहमी वाद घालताना तो खिशात हात घालायचा, आज हात बाजूला होते.

"बाई, आम्ही उठलो नसतो तर तुम्ही परत वर आला असता?"

"माहीत नाही," आई म्हणाली. "यायला हवं होतं, एवढं माहीत आहे. आले असते का, ते रोज विचारते स्वतःला. माहीत नाही."

घुमी माझ्या शेजारी हलली नाही. तिच्या डोक्यावरून तो हात गेला होता. तिला ते आठवत होतं का, हे मी तिला कधीच विचारू शकले नाही.

आईने टेबलाची कड धरली. "आता तुम्ही मला सांगा. पुन्हा कधी मी दारात येऊन उठा म्हटलं, तर उठाल?"

सगळे वकिलाकडे बघायला लागले. त्याने वेळ घेतला. आईने शिकवलं होतं तसा तो खरोखर विचार करत होता.

"उठू," तो म्हणाला. "लगेच उठू, बाई. पण तुमची वाट बघणार नाही आम्ही."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "तसंच करा." आणि तिने पुस्तकं उघडायला सांगितली.

सगळ्यांनी पुस्तकं उघडली. मीही उघडलं, पण अक्षरं दिसत नव्हती. वकील "आम्ही" म्हणाला होता आणि त्यात मी नव्हते. माझ्यासाठी कुणीतरी धावत येणार होतं, माझ्यासाठीच, बाकीच्यांच्या डोक्यावरून हात घालून, आणि हे आता सगळ्या वर्गाला माहीत होतं. त्या धुक्यात पळताना मी घाबरले होते तेव्हा निदान सगळ्यांबरोबर घाबरले होते. आता एकटी होते. घुमी खोकता खोकता बाकाच्या टोकाला थोडी सरकली. मुद्दाम सरकली असेल असं नाही, खोकल्यानेही असेल. आमच्या दोघींमध्ये जागा झाली, आणि काय करावं ते न सुचून मी तिथे दप्तर ठेवलं.